पाच अक्षरांचं कुलूप

ती घटना मला आजही आठवते, पण त्याचं श्रेय माझ्या स्मरणशक्तीला नाही. ते माझ्या घरच्यांना आहे. पाहुणे आले, चहा झाला, बोलणं संपत आलं, की आमची सौ. हळूच म्हणते, "यांना तो फरार आरोपी सांगायला लावा." मग मला सांगावं लागतं. तीसेक वर्षांच्या नोकरीत मी काही बरे तपासही केले. ते सांगा म्हणून अजून एकाही पाहुण्याने आग्रह केलेला नाही.

निवृत्त होण्यापूर्वी थोडे दिवस मी बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्यात प्रमुख होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. पण आमच्या भागात ठाण्याच्या प्रमुखाला लोक ठाणेदारच म्हणतात, आणि तो शब्द कानाला इतका गोड लागतो की माणसाच्या डोक्यात जातो. माझ्याही गेला होता. नावं कोणाचीच घेणार नाही. गावाचंही नाही. धाडच्या बाजाराला जाणारं एक गाव, एवढं पुरे.

त्या गावाबाहेर टेकडीवर देवीचं देऊळ आहे. देवीचा चांदीचा मुखवटा वर्षभर गाभाऱ्यातल्या लोखंडी पेटीत असतो आणि यात्रेच्या दिवशी बाहेर निघतो. पेटीचा मान तीन घरांचा. पूर्वी पेटीला तीन कुलपं होती, प्रत्येक घराची एक किल्ली. मग एका घराची किल्ली हरवली, दुसऱ्याने तिसऱ्यावर संशय घेतला, कुलूप करवतीने कापावं लागलं आणि दोन यात्रा लोकांनी एकमेकांकडे न बघता पार पाडल्या. शेवटी मोठ्या मानकऱ्यांच्या पुण्याच्या जावयाने तोड काढली. त्यांनी एक अक्षरी कुलूप आणून दिलं. त्याला किल्लीच नाही. पाच चकत्या, प्रत्येक चकतीवर इंग्रजी अक्षरं. ठरवलेली पाच अक्षरं एका रेषेत आली की कुलूप उघडणार.

अक्षरांची वाटणीही रीतसर झाली. पहिल्या दोन चकत्या मोठ्या घराच्या, मधल्या दोन दुसऱ्या घराच्या, शेवटची एक तिसऱ्या घराची. एकच अक्षर वाट्याला आलं म्हणून तिसरं घर रुसलं, तेव्हा पालखीचा पुढचा दांडा त्यांना देऊन समजूत काढली. आपलं अक्षर घरातल्या कर्त्यानेच ठेवायचं, बायकोलाही सांगायचं नाही. पेटी उघडताना एकेकाने पुढे येऊन आपल्या चकत्या फिरवायच्या, तेवढा वेळ बाकीच्या दोघांनी पाठ फिरवायची. गावाला या पद्धतीचा अभिमान होता. मलाही ऐकून कौतुक वाटलं. आमच्या ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीचा कारभार एवढा चोख नव्हता.

यात्रेला आठ दिवस राहिले असताना साफसफाईसाठी पेटी उघडली, तर आत मुखवटा नाही. लाल कापड होतं, कापूर होता, मुखवटा नव्हता. कुलूप मात्र जिथल्या तिथे, बंद, त्यावर ओरखडासुद्धा नाही. तिघे मानकरी एका जीपमध्ये, पण तीन कोपऱ्यांत बसून ठाण्यात आले. चोरीचा गुन्हा दाखल झाला.

मी घटनास्थळी गेलो, पंचनामा केला, जबाब घेतले. जबाबांत एक जबाब देवळाच्या गुरवाचा होता. साठीचा माणूस, गळ्यात मळका पंचा, टेकडीवर एकटाच राहणारा. अशा साक्षीदाराचा जबाब आम्ही कसा घेतो ते आता सांगायला हरकत नाही. 'मी वरील ठिकाणी राहतो, देवीची पूजाअर्चा करतो, सदर घटनेबाबत मला काही एक माहिती नाही.' हे मी गाडीत येतानाच लिहून आणलं होतं. फक्त वय आणि सही बाकी होती. त्याने सही केली. सही करताना तो "साहेब..." एवढं म्हणाला होता. मी म्हणालो, "इथं नाही, खाली कर." आणि निघालो.

आता तपासाची दिशा. मी विचार असा केला: अक्षरं इंग्रजी, तेव्हा शब्द इंग्रजी. शब्द इंग्रजी, तेव्हा चोर इंग्रजी जाणणारा. त्या वेळी या विचाराचा मला एवढा आनंद झाला की मी तो वरिष्ठांना फोन करून कळवला.

मोठ्या मानकऱ्यांना मी एकट्यांनाच माझ्या खोलीत घेतलं आणि त्यांची अक्षरं विचारली. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, पंखाही बंद केला, आणि माझ्या कानात सांगितलं, "टी. अन् ए." टी.ए. म्हटलं की आम्हाला फक्त प्रवास भत्ता आठवतो. पण मी चेहरा गंभीर ठेवला. बाकीचे दोघे म्हणत होते, "साहेब, आम्हालेही इचारा नं, पण येगयेगळं." मी म्हणालो, "गरज नाही. पहिली दोन मिळाली, पुढची तीन मी काढतो." हे वाक्य आमच्या रायटर बाईंनी ऐकलं. रायटर म्हणजे ठाण्यातली लिखापढी सांभाळणारा पोलीस अंमलदार. आमच्याकडे त्या महिला हवालदार होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घालून लिहायला लागल्या. त्यांची ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बसस्टँडवरचा पानठेलेवाला माझा खबऱ्या. सकाळी पान लावता लावता तो म्हणाला, "साहेब, धाडच्या गाडीचा कंडक्टर पाह्यला का तुम्ही? गाडी उभी असली का खिशातून वही काढते अन् विंग्रजी लिहिते. एका रांगेत पाच-पाचच अक्षरं. म्या मोजले."

"पाच? नक्की?"

"देवीची आण. चार नाही, सहा नाही. कोड हाये साहेब तो कोड."

कुलपाला पाच अक्षरं आहेत ही गोष्ट तपासातली गोपनीय बाब. ती पानठेलेवाल्याला कोणी सांगितली, असा प्रश्न मला पडायला हवा होता. आदल्या संध्याकाळी पान खाताना मीच सांगितली होती. म्हणजे माझंच बोलणं मला चुना लावून परत मिळालं, आणि मी ते खबर म्हणून स्टेशन डायरीत नोंदवलं.

कंडक्टरची माहिती काढली, तर ती माझ्या मनासारखीच निघाली. तो मोठ्या मानकऱ्यांचा सख्खा चुलतभाऊ. मान कोणाकडे राहावा यावरून त्याच्या वडिलांचं आणि त्यांचं फाटलं होतं. हा कित्येक वर्षांत टेकडी चढला नव्हता. म्हणजे घरचा माणूस, मनात राग, आणि वहीत पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द. अजून काय पाहिजे?

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्याला बसस्टँडवरच गाठलं. गाडी भरलेली, सुटायच्या बेतात. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, एवढी फेरी करू द्या. परत आलो का सरळ ठाण्यात येतो. माणसं खोळंबतीन."

मी म्हणालो, "आरोपी फेरी मारत नसतात."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. गाडीतले लोक खाली उतरले. शेंगांची पिशवी घेतलेली एक म्हातारी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ठाणेदार, आता तू नेऊन सोडतं काय मले घरी?" मी जीपचं दार उघडलं. कंडक्टरने तिकिटाचं यंत्र ड्रायव्हरकडे सोपवलं, टोपी नीट केली आणि जीपमध्ये बसला.

वही ताब्यात घेतली. जाड, दोनशे पानी. एका पानावर वर लिहिलं होतं: टी, ए. खाली ओळीने पाच-पाच अक्षरांचे शब्द. मी त्या पानाला लाल कागदाची झेंडी लावली, त्या पानाचा वेगळा पंचनामा केला आणि विचारपूस सुरू केली. रायटर बाई शेजारी लिहीत होत्या.

"हा पहिला शब्द काय?"

"टेबल, साहेब."

"हा?"

"टेस्ट. म्हणजे चव."

"हा?"

"टॅलन. ससाण्याचं, घारीचं असते नं नख, ते."

मी रायटर बाईंना म्हणालो, "नख. म्हणजे हत्यार. लिहा." त्यांनी लिहिलं.

"आणि हा?"

"टेकन."

"टेकन म्हणजे?"

"घेतलं. घेतलेलं."

मी खुर्चीवरून उठलोच. "काय घेतलं? कोणी घेतलं? कुठून घेतलं?"

कंडक्टरने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "साहेब, मोबाइलवर एक खेळ असते. रोज एक शब्द वळखायचा. पाच अक्षरांचा, इंग्रजी. आपण एक शब्द टाकायचा, मंग तो सांगते, यातली ही दोन अक्षरं बरोबर आहेत. मंग ती दोन अक्षरं असलेले शब्द आठवायचे. सहा डावांत नाही आला तं हरलो. पोरगी अकोल्याले नर्स आहे. ती तिकडून खेळते, म्या इकडून. मले तं शब्द येतच नाहीत. मी मॅट्रिकले इंग्रजीत दोनदा गेलेला माणूस. म्हणून लिहून लिहून पाठ करतो. गाडी उभी असली का दुसरा काय धंदा?"

"म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तू इंग्रजी पाठ करतोस?"

"अठ्ठावन्नावं लागलं, साहेब. चार महिने राह्यले रिटायर व्हाले. अन् एक सांगू काय? तुम्ही मले मारा नाहीतं काही करा, पण अठ्ठेचाळीस तासांच्या आत काय ते करा."

हे मला माहीत होतं. सरकारी असो, महामंडळाचा असो, नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला, की निलंबन आपोआप होतं. कोणाला वाईट वाटायचं कारण नाही, तो नियमच आहे. "इतकी वर्षं झाली," तो म्हणाला, "माह्या सर्व्हिस बुकात एक रेघ वाकडी नाही. साधा मेमो नाही. तेवढं फक्त पाहा."

मी त्याला म्हणालो, "खरं बोललास तर पाच मिनिटांत सुटशील." आम्ही सगळ्यांना हेच म्हणतो. तो खरंच बोलत होता, ही एक अडचण मी लक्षात घेतली नव्हती.

गुरुवारी दुपारी त्याला कोर्टात हजर केलं. मी स्वतः उभा राहून सांगितलं, आरोपी सराईत बुद्धीचा आहे, सांकेतिक भाषेचा जाणकार आहे. शनिवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. परत येताना गाडीत त्याने ड्रायव्हरला एवढंच विचारलं, "किती वाजले?"

शुक्रवारी सकाळी रायटर बाई ती वही घेऊन माझ्यासमोर आल्या. "साहेब, तुमची झेंडी काढून बाकीची पानं पाहिली काय?"

"गरज काय?"

"एका पानावर आर, ई. एका पानावर एल, ओ. एका पानावर क्यू, यू. शंभराच्या वर पानं आहेत. टी, ए त्यातलं एक."

मी वही चाळली. खरंच होतं. एवढी पानं माझ्या हाताखालून गेली होती आणि मी फक्त माझ्या उपयोगाचं एक पान पाहिलं होतं. झेंडी लावली की माणूस झेंडीच बघतो. मी म्हणालो, "त्याने मुद्दाम लिहिली असतील, आपली दिशाभूल करायला."

"हाव," त्या म्हणाल्या. हाव म्हणजे हो, पण हे 'हाव' त्या ज्या तऱ्हेने म्हणाल्या, ते लिहून दाखवता येत नाही. मग म्हणाल्या, "तरी बाकीच्या दोन घरची अक्षरं विचारून घ्या साहेब. कुलूप त्यांचंही आहे."

दोघांना बोलावणं पाठवलं. एकमेकांसमोर सांगणार नाहीत म्हणून एकाला साडेअकराला मागच्या दाराने आत घेतलं, दुसऱ्याला सव्वाबाराला पुढच्या दाराने. मधल्या घराने कानात सांगितलं: ओ, एस. शेवटच्या घराने सांगितलं: यू. मी कागदावर ओळीने पाचही लिहिली. टी, ए, ओ, एस, यू. वाचायचा प्रयत्न केला. उलटं वाचून पाहिलं. शेवटी कंडक्टरला कोठडीतून बाहेर आणलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

"याचा शब्द काय होतो?"

त्याने चष्मा मागितला. नीट पाहिलं. तो दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "काहीच नाही होत साहेब. हा शब्दच नाही. खेळात टाकला असता तं त्यानं घेतलाच नसता."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिघांनी आपापली अक्षरं एकमेकांपासून लपवून ठरवली होती. लपवून ठरवलेल्या अक्षरांचा शब्द व्हायचा कसा? कुलपात शब्द कधी नव्हताच. जगातले सगळे पाच अक्षरी इंग्रजी शब्द या माणसाने पाठ केले असते, तरी त्याला ते कुलूप उघडलं नसतं. उलट, माझ्या संशयितांत तो एकटाच असा होता की ज्याने शब्दांच्या नादाने चुकीचीच अक्षरं लावली असती.

मोठे मानकरी सकाळी सातपासून आतल्या खोलीत बसूनच होते; त्यांना मी बोलावून घेतलं. मी त्यांना विचारलं, "पेटी उघडताना तुम्ही पाठ फिरवता. तेव्हा कुलूप कोणाच्या हातात असतं?"

"कुलूप? गुरवाच्या. पेटी जुनी हाये नं, कुलूप लोंबते. धरल्याशिवाय चकत्या फिरत नाहीत. तो धरते, दिवा बी तोच धरते."

"तोही पाठ फिरवतो?"

मानकरी माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी पेटी पाठ फिरवते का असं विचारलं होतं. "तो काऊन फिरवीन? त्यानं कुलूप धरेल असते!"

"मग त्याला अक्षरं दिसत नाहीत?"

"त्याले?" ते म्हणाले. "अहो, त्याले विंग्रजी येते काय?"

मी टेबलावर हात आपटला. जीप काढली, दोन शिपाई दिले, गुरवाला घेऊन या म्हणालो. तेव्हा एक वाजला होता. जीप साडेतीनला परत आली. देवळाला कडी, खोलीला कुलूप, गुरव सकाळपासून गावात कोणाला दिसलेला नाही. मग माझ्या अंगात जे संचारलं ते आठवून मला अजूनही घाम फुटतो. मी बिनतारीवरून शेजारच्या ठाण्यांना वर्णन दिलं. जालन्याच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. स्टेशन डायरीत माझ्या हाताने लिहिलं: 'संशयित गुरव हा फरार झाला असून...'

बाहेर जीपचा ड्रायव्हर हातपाय धुवत होता. ठाण्याच्या बाकावर बसलेल्या एका माणसाने त्याला विचारलं, "काऊन बाप्पा एवढी धावपळ करून राह्यले?"

"एक गुरव फरार झाला."

"कोणता गुरव?"

"टेकडीच्या देवीचा."

"मंग तो म्याच हाव नं," तो माणूस म्हणाला.

तो सकाळी आठपासून ठाण्याच्या बाकावर बसलेला होता. पहिल्याच गाडीने आला होता. पहाऱ्यावरच्या शिपायाने 'साहेब कामात आहेत, बसा' म्हणून सांगितलं, म्हणून तो बसला. मी त्याच्यासमोरून किमान चार वेळा गेलो होतो. एकदा तर माझ्यासाठी त्याने पाय आखडून घेतले होते. शेवटच्या घराच्या मानकऱ्याने आत येताना त्याला पाहिलंही होतं. पण पोलिसांनीच बोलावला असेल, असं समजून तो काही बोलला नाही. नाकाबंदी उठवायला अर्धा तास लागला, कारण ती कशासाठी उठवायची हे मला कोणाला नीट सांगता येईना.

"मुखवटा कुठं आहे?" मी विचारलं.

"खामगावले. चांदीवाल्याकडं."

"विकला?"

त्याने कानांना हात लावले. "देवीले इकीन मी? डागडुजीले देला साहेब. कानापाशी शिवण उसवली होती. दोन वरसं झाले सांगून राह्यलो. थोरल्याले सांगतलं, ते म्हने बाकीचे दोघं म्हणतीन तसं. बाकीच्याइले सांगतलं, ते म्हने थोरले म्हणतीन तसं. यंदा पालखीत कान गळून पडला असता तं लोकाइनं कोनाले नाव ठेवलं असतं? मले. म्हणून घेऊन गेलो. यात्रेच्या आंधी गुपचूप आणून ठेवतो म्हटलं. त्याच्या आंधीच यायनं पेटी उघडली."

"कुलूप कसं उघडलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझी होती. "उघडते तसंच उघडलं. पयले खुंटावर आडवी काडी. मंग तंबू. मंग भाकर. मंग साप. मंग घोड्याची नाल. मले काय विंग्रजी अक्षर येते साहेब? पण दरसाल माह्याच हातात तं असते ते."

रायटर बाईंनी माझ्यासमोरचा कागद फिरवून माझ्याकडे केला. खुंटावर आडवी काडी. तंबू. भाकर. साप. नाल. सगळं बरोबर होतं. तीन घरांनी बायकांपासून लपवलेली पाचही अक्षरं तो माणूस चित्रांसारखी डोक्यात घेऊन टेकडीवर राहत होता, आणि ती लपवायची असतात हेसुद्धा त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी काऊन नाही सांगितलं?" मोठे मानकरी ओरडले.

"साहेबाइले सांगत होतो नं. साहेब म्हणे खाली सही कर." मग म्हणाला, "भ्यालो बी होतो. काल बाजारच्या माणसाकडून आयकलं का कंडक्टरले धरलं. मंग झोप नाही लागली. आज पयल्या गाडीनं आलो."

घड्याळात पावणेपाच झाले होते. पाचला अठ्ठेचाळीस तास पुरे होणार होते. मी म्हणालो, "बाई, कंडक्टरला सोडा."

रायटर बाई म्हणाल्या, "कसं सोडू साहेब? कोठडी कोर्टानं दिली आहे, शनिवारपर्यंत. तुम्हीच मागितली. आता कोर्टाचा हुकूम लागेल. त्याला अगोदर मुखवटा हातात पाहिजे, चांदीवाल्याचा जबाब पाहिजे."

सगळं खरं होतं. खामगावला पथक पाठवलं. चांदीवाल्याने मुखवटा कापडात गुंडाळून जपून ठेवलेला होता. कानाची शिवण सांधून झाली होती, घासायचा राहिला होता. शनिवारी सकाळी मी कोर्टात पुरावा नसल्याचा अहवाल दिला. दंडाधिकाऱ्यांनी तो वाचला, मग परवाचा माझा अर्ज काढून तोही वाचला, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. साडेबाराला कंडक्टर सुटला. साडेएकोणीस तास जास्त झाले होते. सकाळी आठला बाकावरच्या माणसाला मी 'काय काम आहे बाबा' एवढं विचारलं असतं, तर पाचच्या आत सगळे कागद झाले असते. हा हिशेब मी नंतर पुष्कळदा केला आहे. तो चुकत नाही.

गुन्हा गैरसमजुतीचा म्हणून सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टाला पाठवली. गुरवावर काही कारवाई करा म्हणून तिघे मानकरी पहिल्यांदाच एकमताने माझ्याकडे आले. मी विचारलं, "काय कलम लावू? न विचारता दुरुस्ती?" ते उठून गेले. यात्रा वेळेवर झाली. त्या वर्षीपासून पेटी उघडताना गुरवालाही पाठ फिरवायला लावायचं ठरलं. पण मग कुलूप कोण धरणार, यावर गावात अजून एकमत झालेलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एक तर हे, की संशयिताच्या वहीत आपल्याला आपलंच हस्ताक्षर दिसायला लागतं. दुसरं जास्त साधं. गुन्ह्याच्या जागी हजर असलेल्यांची यादी करताना मी नेहमी मोठ्या माणसांपासून सुरू करायचो आणि ती संपली की थांबायचो. दिवा धरणारा, दार उघडणारा, पाणी देणारा हे माझ्या यादीत सामानासारखे असत. उरलेल्या नोकरीत मी रोज सकाळी पहिलं काम एकच केलं: ठाण्याच्या बाकावर कोण बसलंय ते स्वतः जाऊन विचारलं. बहुतेक वेळा कोणी तरी शिपायाचा मेहुणा असायचा. तरी विचारलं.

कंडक्टरचं निलंबन नियमाप्रमाणे झालंच. मी आगाराला सविस्तर पत्र लिहिलं, त्यात चूक पोलिसांची असं स्पष्ट लिहिलं. नोकरीत असं वाक्य मी एकदाच लिहिलं. ते पत्र मी टपालाने न पाठवता स्वतः नेऊन दिलं. तीन आठवड्यांनी त्याला कामावर परत घेतलं. चार महिन्यांनी तो निवृत्त झाला, त्या दिवशी मीही आगारात गेलो होतो. हार झाले, नारळ झाले. बाजूला येऊन तो म्हणाला, "साहेब, तुमचं पत्र वाचलं मी. चांगलं लिहिलं."

मी म्हणालो, "मग आता रेकॉर्ड स्वच्छ झालं ना?"

"नाही," तो म्हणाला. "सर्व्हिस बुकात लिहिलेलं खोडत नाहीत साहेब. निलंबित केलं, ते तसंच राह्यते. परत घेतलं, ते त्याच्या खाली लिहितात."